मोटारीतील इंजिन-संगणक : बिघाडाचे निदान, पेटीची बदली आणि दुरुस्तीच्या अधिकाराचा इतिहास

प्रस्तावना :

मोटारीच्या इतिहासावरील लेखन बहुतांशी शोध, कारखाने आणि उद्योगपती यांच्याभोवती फिरते. नवे इंजिन कोणी तयार केले, कोणत्या वर्षी ते बाजारात आले, किती गाड्या खपल्या या प्रश्नांना त्यात प्राधान्य असते. कारखान्याबाहेर पडलेली गाडी पुढे पंधरा-वीस वर्षे कोणी चालती ठेवली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः कोणत्याही यंत्राचे आयुष्य हे निर्मितीपेक्षा दुरुस्तीच्या काळातच अधिक असते. त्यामुळे दुरुस्तीचा इतिहास हा तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाचा एक आवश्यक भाग ठरतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारीत एक नवा भाग आला. इंजिनाला किती इंधन द्यावे व ठिणगी कधी पाडावी हे ठरविणारा तो संगणक होय. गॅरेजच्या भाषेत त्यास 'ईसीएम' किंवा 'ईसीयू' म्हणतात. पुस्तकाएवढ्या आकाराची ही धातूची पेटी बिघडली तर सुस्थितीतील इंजिनही निरुपयोगी ठरते. जुन्या गाडीच्या मालकासमोर अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. दोष खरोखर पेटीचाच आहे काय, आणि असल्यास ती बदलता येईल काय? या दोन प्रश्नांची उत्तरे १९८१ साली जशी होती तशी पुढे राहिली नाहीत. ती कशी व का बदलली याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेण्यात आला आहे. विवेचनाचा मुख्य आधार अमेरिकेतील, विशेषतः जनरल मोटर्सच्या गाड्यांतील यंत्रणा हा असून अखेरीस भारतीय संदर्भाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) इंजिन-संगणकाच्या उदयाची ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे.
२) या पेटीच्या बिघाडाचे निदान व बदली करण्याची पद्धती कशी विकसित झाली, हे पाहणे.
३) पेटीतील ज्ञानावरील नियंत्रण आणि दुरुस्ती करणाऱ्याचे स्वातंत्र्य यांतील संबंध तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

इंजिन-संगणकाचा उदय :

मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने केला. 'इलेक्ट्रोजेक्टर' या नावाची तिची इंधन-फवारणी यंत्रणा १९५७ च्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी जाहीर झाली आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांवर बसविण्यात आली. त्या काळातील इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता, थंडी आणि धक्के यांना पुरे पडणारे नव्हते. परिणामी यांपैकी बहुतेक गाड्यांवरील ही यंत्रणा काढून तिच्या जागी पुन्हा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. इलेक्ट्रॉनिक पेटीवरील या पहिल्या उपायांत दुरुस्तीला वावच नव्हता. पेटी हटवून परिचित यांत्रिक भागाकडे परत जाणे एवढाच मार्ग होता, ही बाब लक्षणीय आहे.

बेंडिक्सच्या पेटंटांच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने पुढील काम केले. १९६७ मध्ये तिची 'डी-जेट्रॉनिक' यंत्रणा फोक्सवॅगन १६०० या गाडीवर आली. 'डी' हे अक्षर दाब या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजून फवारणीचा काळ ठरविणे, हे तिचे तत्त्व होते. ही पेटी ट्रान्झिस्टरवर चालणारी होती. तिच्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, तसेच झालेला बिघाड लक्षात ठेवण्याची सोयही नव्हती. मिस्त्रीला वायरींचा रोध व सेन्सरची स्थिती मोजावी लागे, आणि तरीही शंका उरल्यास सुस्थितीतील दुसरी पेटी लावून पाहावी लागे. हीच निदानाची सर्वात जुनी पद्धत होय.

संगणक मोटारीत सार्वत्रिक होण्यामागे वेगाची किंवा सुखसोयीची हौस हे कारण नव्हते. लॉस एंजेलिस शहरावर साचणारे विषारी धुके हे त्याचे मूळ होय. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्या संयोगातून हे धुके तयार होते, असे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. या दोन्हींचा एक मोठा स्रोत मोटारीचा धूर हा होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने वायुसंपदा मंडळ स्थापन केले. १९७० च्या संघीय स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या प्रदूषणात ९० टक्के घट करण्याचे बंधन उत्पादकांवर घातले. मुदती अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या, तरी १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा वापर मोठ्या प्रमाणावर सुरू झाला.

कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड या तिन्ही घटकांवर एकाच वेळी काम करणारा कन्व्हर्टर हवा असेल, तर इंजिनातील मिश्रण वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या अगदी जवळ ठेवावे लागते. स्क्रू पिळून जुळविलेल्या कार्ब्युरेटरला ते प्रत्येक क्षणी साधणे शक्य नव्हते. व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत धुरातील ऑक्सिजन मोजणारा बॉशचा सेन्सर बसविला. त्याचे संकेत वाचून मिश्रण सतत दुरुस्त करणारा कोणीतरी हवा होता. ते काम संगणकाकडे आले. १९७७ च्या ओल्ड्समोबाइल टोरोनॅडो गाडीत ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसर ठरवू लागला. १९७९ मध्ये बॉशच्या 'मोट्रॉनिक' यंत्रणेने बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीत इंधन आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच पेटीकडे दिले.

१९८१ ची पेटी आणि डॅशबोर्डवरील दिवा :

१९८१ च्या गाड्यांसाठी अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा मैलामागे १ ग्रॅम इतकी कडक झाली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आपल्या जवळजवळ सर्व पेट्रोल मोटारींत 'कॉम्प्युटर कमांड कंट्रोल' ही यंत्रणा बसविली. तिची पेटी इंडियाना राज्यातील कोकोमो येथील डेल्को इलेक्ट्रॉनिक्स या विभागाने विकसित केली होती. प्रारंभीच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर कायमच होता, मात्र त्यातील मिश्रण संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या सोलेनॉइडद्वारे बदलले जाई. जुने आणि नवे तंत्र एकाच इंजिनावर नांदत असल्याचे हे उदाहरण होय.

या यंत्रणेने दुरुस्तीच्या क्षेत्रात दोन नव्या गोष्टी आणल्या. डॅशबोर्डवर इंजिन तपासण्याची सूचना देणारा दिवा आला, आणि पेटीत बिघाडाची नोंद ठेवण्याची स्मृती आली. ही नोंद वाचण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नव्हती. डॅशबोर्डखालील जोडणीतील 'ए' व 'बी' ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून, इंजिन सुरू न करता किल्ली फिरविली की दिवा लुकलुकू लागे. एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे कोड १२. डिस्ट्रिब्युटरकडून संकेत येत नाही असा त्याचा अर्थ. इंजिन बंद असल्याने तो संकेत येणे अपेक्षितच नसे, म्हणून १२ हा आकडा दिसणे म्हणजे निदान-यंत्रणा चालू असल्याची खूण मानली जाई. त्यानंतर साठविलेले कोड प्रत्येकी तीनदा दाखविले जात. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे सर्किट, ४४ म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा संकेत, तर ५१ म्हणजे पेटीतील स्मृती-चिपचा दोष. ज्याच्याजवळ तारेचा तुकडा आणि सेवा-पुस्तिका आहे अशा कोणालाही हे ज्ञान खुले होते.

निदानाची शिस्त : पेटीवर संशय शेवटी

दिव्याच्या या भाषेमुळे एक नवा गैरसमजही रूढ झाला. कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, असे समजून भाग बदलण्याची प्रवृत्ती वाढली. वास्तविक कोड सर्किटाकडे बोट दाखवितो, भागाकडे नव्हे. कोड ४४ आल्यास ऑक्सिजन सेन्सर सदोष असेलच असे नाही. धुराच्या नळीला भेग पडून बाहेरची हवा आत शिरत असेल किंवा इंधनाचा दाब कमी असेल, तरी सेन्सर पातळ मिश्रणाचीच ग्वाही देतो. म्हणजे सेन्सर खरे बोलत असतो, चूक अर्थ लावणाऱ्याची असते.

ही चूक टाळण्यासाठी उत्पादकांच्या सेवा-पुस्तिकांतून पायरीपायरीचे तक्ते देण्यात आले. या तक्त्यांची रचना अभ्यासण्यासारखी आहे. त्यांत 'पेटी बदला' ही सूचना बहुधा सर्वात शेवटच्या चौकटीत येते. तेथे पोहोचण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहणे अपेक्षित असते : बॅटरीचा व्होल्टेज पुरेसा आहे काय, फ्यूज शाबूत आहेत काय, किल्ली फिरविल्यावर पेटीपर्यंत वीज पोहोचते काय, पेटीची अर्थिंग इंजिनाच्या धातूशी नीट जोडली आहे काय, सेन्सरांना पेटीकडून मिळणारा ५ व्होल्टचा संदर्भ-दाब येतो काय, जोडणीतील पिना गंजलेल्या वा वाकलेल्या आहेत काय. पेटीत येणारे सर्व योग्य आहे आणि तरीही बाहेर जाणारा हुकूम चुकीचा आहे, असे सिद्ध झाल्यावरच पेटी दोषी ठरते. न्यायालयीन भाषेत सांगावयाचे, तर इतर सर्व शक्यता निकाली निघाल्यावर दिलेला हा निकाल होय.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही शिस्त अधिकच महत्त्वाची ठरते. १९८० आणि १९९० च्या दशकांतील अनेक होंडा गाड्यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नसे, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होई. संशय सहजच संगणकावर जाई. प्रत्यक्षात इंधन-पंप व संगणक यांना वीज पुरविणाऱ्या मुख्य रिलेमधील सोल्डरचे सांधे वर्षानुवर्षांच्या तापण्याने व निवण्याने तडकलेले असत. थोडे सोल्डर आणि अर्ध्या तासाचे काम एवढ्यावर भागणाऱ्या दोषासाठी महागडी पेटी बदलली, तर खर्च वाया जाई आणि गाडी पुन्हा रस्त्यात थांबे.

याउलट पेटीच खरोखर सदोष असल्याचीही ठळक उदाहरणे आहेत. १९९० ते १९९४ या काळातील मित्सुबिशी एक्लिप्स व तिच्या जोड-गाड्यांच्या पेट्यांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काही वर्षांनी गळू लागले. त्यांतील क्षारक द्रव सर्किट-पट्टीवर पसरून तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. इंजिनाची गती वरखाली होणे, दिवा न लागणे, शेवटी गाडी सुरूच न होणे अशी लक्षणे दिसत. पेटी उघडली की माशासारखा वास आणि कपॅसिटरच्या पायांभोवतीचा डाग यांवरून दोष ओळखता येई. वेळीच लक्षात आल्यास काही कपॅसिटर बदलून पट्टी स्वच्छ करणे पुरेसे होई. उशीर झाल्यास मात्र पेटी बदलण्यावाचून पर्याय उरत नसे. यावरून असे दिसते की, पेटीचा दोषही अनेकदा तिच्या 'बुद्धीत' नसून काही रुपयांच्या साध्या सुट्या भागात असतो.

बदलीची पद्धत आणि तिच्यातील अर्थ :

१९८० च्या दशकातील जनरल मोटर्सच्या गाडीत पेटी बदलणे हे काम वरवर पाहता सोपे होते. किल्ली बंद करून बॅटरीची जोडणी काढावयाची, डॅशबोर्डखालील पेटीचे स्क्रू सोडवावयाचे, जोडण्या उपसावयाच्या आणि नवी पेटी बसवावयाची. परंतु या कामात दोन सावधगिरीच्या सूचना होत्या आणि त्या दोन्ही ऐतिहासिकदृष्ट्या बोलक्या आहेत.

पहिली सूचना पेटी कशामुळे जळाली याविषयी होती. संगणक ज्या रिले व सोलेनॉइडना हुकूम देतो, त्यांच्या वेटोळ्यांचा रोध नवी पेटी बसविण्यापूर्वी मोजावा आणि तो २० ओहमपेक्षा कमी भरल्यास तो भाग आधी बदलावा, असे पुस्तिकेत बजावलेले असे. कारण शॉर्ट झालेले सोलेनॉइड पेटीतून प्रमाणाबाहेर विद्युतप्रवाह ओढते. जुनी पेटी ज्या कारणाने गेली, तेच कारण कायम असेल तर नवी पेटीही काही दिवसांतच जाते. दुसरी पेटी लावून पाहण्याची जुनी पद्धत म्हणूनच धोक्याची होती. कार्य दिसते आणि कारण लपून राहते, ही अडचण इतिहासकाराइतकीच मिस्त्रीलाही भेडसावते.

दुसरी सूचना स्मृती-चिपविषयी होती. एकच पेटी अनेक मॉडेलांना चालत असे. गाडीचे वजन, गिअरबॉक्स, धुरीचे गुणोत्तर यांनुसार बदलणारी माहिती 'प्रॉम' नावाच्या एका वेगळ्या, काढता येणाऱ्या चिपमध्ये असे. दुरुस्तीसाठी मिळणारी पेटी या चिपविना येई. मिस्त्रीने जुन्या पेटीचे झाकण उघडून चिप अलगद काढावी आणि नव्या पेटीत त्याच दिशेने बसवावी, अशी अपेक्षा होती. चिप उलटी बसवून किल्ली फिरविली तर ती कायमची नष्ट होई. अंगावरील स्थिर विद्युत तिला लागू नये म्हणून हाताने तिच्या पिनांना स्पर्श न करण्याची ताकीद असे. त्यानंतर बॅटरी जोडून गाडी काही अंतर चालविली की संगणक त्या इंजिनाच्या सवयी पुन्हा शिकून घेई.

या रचनेचा सामाजिक अर्थ महत्त्वाचा आहे. पेटी सर्वांसाठी सारखी होती, आणि गाडीची विशिष्ट ओळख असलेली चिप मालकाजवळच राहत होती. जुनी पेटी देऊन दुरुस्त केलेली पेटी कमी किमतीत घेण्याचा व्यवहार त्यामुळे शक्य झाला. भंगारात निघालेल्या गाडीतील पेटीही योग्य क्रमांक जुळवून वापरता येत असे. कारखान्याची परवानगी कोठेच लागत नव्हती.

१९९६ नंतर : कोड खुले, पेटी बंद

प्रत्येक कंपनीचे कोड आणि जोडण्या वेगळ्या असणे हा स्वतंत्र गॅरेजपुढील मोठा अडथळा होता. कॅलिफोर्नियाच्या वायुसंपदा मंडळाने १९८५ मध्ये गाडीतच निदान-यंत्रणा असण्याचा नियम मंजूर केला आणि तो १९८८ च्या मॉडेलपासून लागू झाला. १९८९ मध्ये मंजूर झालेली तिची दुसरी पिढी, म्हणजे 'ओबीडी-२', १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाली. १६ पिनांची एकसारखी जोडणी आणि सामाईक कोड हे तिचे वैशिष्ट्य होय. 'पी०१७१' म्हणजे पातळ मिश्रण, 'पी०३००' म्हणजे अनियमित ज्वलन. 'पी०६०१' आणि 'पी०६०६' सारख्या कोडांद्वारे संगणक स्वतःच्या स्मृतीतील वा प्रोसेसरमधील दोषाचीही कबुली देऊ लागला. निदानाच्या दृष्टीने ही निःसंशय लोकशाहीकरणाची प्रक्रिया होती. साध्या स्कॅनरने कोणत्याही कंपनीची गाडी वाचता येऊ लागली.

परंतु याच काळात बदलीचा मार्ग मात्र अरुंद होत गेला. १९९० च्या दशकाच्या मध्यास काढता येणारी चिप जाऊन तिच्या जागी विद्युत संकेतांनी पुन्हा लिहिता येणारी, पट्टीवर पक्की बसविलेली स्मृती आली. माहिती आता हाताने उचलून नव्या पेटीत ठेवता येत नव्हती. ती कंपनीच्या यंत्राद्वारे, कंपनीच्या संचिकेतून भरावी लागे. चोरी रोखण्यासाठी आलेल्या इमोबिलायझरने आणखी एक बंधन घातले. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. किल्लीतील चिप आणि इंजिन-संगणक यांची ओळख परस्परांशी बांधली गेल्याने, दुसऱ्या गाडीतील अगदी सुस्थितीतील आणि तोच क्रमांक असलेली पेटीही लावताच इंजिन सुरू होईनासे झाले. चोराला रोखणारे कुलूप प्रामाणिक मिस्त्रीलाही बाहेर ठेवू लागले.

अमेरिकेत १९९५ च्या मॉडेलपासून इंजिन-संगणकाला ८ वर्षे किंवा ८०,००० मैल, म्हणजे सुमारे १,२८,००० किलोमीटर, इतकी संघीय हमी मिळाली. ही तरतूद ग्राहकहिताचीच होती. मात्र हमीचा काळ संपल्यानंतर, म्हणजे गाडी गरिबाच्या हाती जाण्याच्या वयात, पेटीचा संपूर्ण भार मालकावर पडतो, हेही विसरता येत नाही.

दुरुस्तीच्या अधिकाराचा लढा :

या परिस्थितीतून दुरुस्तीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांनी प्रदूषणाशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना देण्याचे तत्त्व मान्य केले होते. २००१ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मोटार-मालकांच्या दुरुस्ती-अधिकाराचे विधेयक मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. मध्यंतरी २००४ च्या मॉडेलपासून प्रदूषण-नियंत्रणाशी संबंधित पेट्यांत सामाईक जोड-यंत्राद्वारे माहिती भरण्याची सोय देणे उत्पादकांना भाग पडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी दुरुस्ती-अधिकाराच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला. त्यानंतर २०१४ मध्ये उत्पादक आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या संघटनांत देशव्यापी सामंजस्य करार झाला.

दरम्यान प्रश्नाला आणखी एक बाजू प्राप्त झाली होती. १९९८ च्या अंकीय स्वामित्वहक्क कायद्याने सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडणे बेकायदेशीर ठरविले होते. त्यामुळे स्वतःच्याच गाडीच्या संगणकातील आज्ञावली तपासणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकेल काय, असा विलक्षण प्रश्न निर्माण झाला. २०१५ मध्ये काँग्रेस ग्रंथालयाच्या प्रमुखांनी निदान व दुरुस्ती यांसाठी मालकांना यातून सूट दिली आणि २०१८ मध्ये मालकाच्या वतीने काम करणाऱ्या दुरुस्तीकारालाही ती लागू केली. ज्या पेटीचे निदान १९८१ मध्ये तारेच्या तुकड्याने होत असे, तिच्यासाठी आता कायदेशीर सूट घ्यावी लागत होती.

भारतीय संदर्भ :

भारतातही इंजिन-संगणक सार्वत्रिक झाला तो प्रदूषणाच्याच प्रश्नातून. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी दिलेल्या आदेशाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील खाजगी मोटारींना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ निकष बंधनकारक केले. पाठोपाठ मुंबईसह इतर महानगरांत आणि २००५ पर्यंत देशभर दुसऱ्या टप्प्याचे निकष आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली २००१ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवर २००३ चे वाहन-इंधन धोरण आधारलेले होते. निकषांनुसार वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थांत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे बीएस-४ मोटारींना १ एप्रिल २०१० पासून निदान-यंत्रणेचा पहिला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

अमेरिकेत कार्ब्युरेटर ते ओबीडी-२ हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. भारतीय मिस्त्रीला मात्र तो अल्पावधीत पार करावा लागला. उस्तादाच्या हाताखाली कानाने आणि हाताने शिकलेले ज्ञान इंजिनाच्या यांत्रिक भागापुरते खरेच राहिले, पण पेटीपाशी येऊन अडू लागले. स्कॅनर आणि पुस्तिका मिळविणे हाच त्याच्यापुढील मुख्य प्रश्न झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात हा प्रश्न स्पष्टपणे नोंदविला गेला. सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि निदान-उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीकारांना सहजपणे उपलब्ध न करणे हे स्पर्धेला बाधक असल्याचे ठरवून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. तरीही निदान-उपकरण हा बाजारपेठेतील हक्काचा विषय आहे, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारी हे त्यातील एक क्षेत्र होते.

निष्कर्ष :

१) इंजिन-संगणकाचा प्रसार प्रामुख्याने हवा-प्रदूषणाच्या कायद्यांमुळे झाला. अत्यंत काटेकोर मिश्रणाची गरज कार्ब्युरेटर भागवू शकत नसल्याने संगणक अपरिहार्य ठरला.

२) पेटीच्या निदानाची विश्वसनीय पद्धत ही वगळण्याची पद्धत आहे. वीज, अर्थिंग, जोडण्या, रिले आणि सेन्सर तपासल्यानंतरच पेटीवर संशय घेणे योग्य होय. कोड ही चौकशीची सुरुवात असते, निष्कर्ष नव्हे.

३) पेटी बदलण्यापूर्वी ती का बिघडली हे शोधणे आवश्यक असते, अन्यथा नवी पेटीही त्याच मार्गाने जाते.

४) १९९६ नंतर निदान अधिक खुले झाले, तर बदली अधिक बंदिस्त झाली. या दोन विरुद्ध प्रवाहांचे कारण सर्किटाच्या गुंतागुंतीपेक्षा माहितीच्या मालकीत अधिक आहे. काढता येणारी चिप गेली तेव्हा गाडीची ओळख मालकाच्या हातून कारखान्याच्या हाती गेली.

५) कायद्याने सक्तीचा केलेला भाग दुरुस्त करण्याचे साधन नागरिकाला उपलब्ध करून देणे ही त्याच कायद्याची तार्किक पूर्तता ठरते.

समारोप :

जुनी मोटार भंगारात जाते तेव्हा तिचे इंजिन झिजलेले असेलच असे नाही. कित्येकदा काही रुपयांचा कपॅसिटर, तडकलेला सांधा किंवा एका गाडीची ओळख दुसऱ्या पेटीत लिहिण्याची न मिळालेली परवानगी एवढेच कारण पुरेसे होते. १९८१ च्या मिस्त्रीने जुन्या पेटीतून चिप काढून नव्या पेटीत बसविली, त्या कृतीत कौशल्याबरोबर एक अधिकारही सामावलेला होता. तो अधिकार कसा निसटला आणि तो परत मिळविण्यासाठी कोणते प्रयत्न झाले, याची नोंद ठेवणे हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे कर्तव्य होय. महाराष्ट्रातील गॅरेजांमधून कार्ब्युरेटरकडून संगणकाकडे वळलेल्या पिढीच्या मौखिक आठवणी संकलित झाल्यास या विषयाच्या अभ्यासाला निश्चितच नवी दिशा मिळेल.